दहाच्या मागचा एक

"अगं, दहाच्या फुलीआधी एकची काठी काढली की नऊ होतात, नंतर काढली की अकरा!" बाबांनी तिसऱ्यांदा समजावलं. उद्या रोमन आकड्यांची चाचणी, आणि लेक नऊ सांगितले तरी अकराच लिहीत होती.

"पण लहानांनी मोठ्यांच्या पुढे उभं राहू नये, असं तुम्हीच सांगता ना? बघा, एक पुढे गेला की दहाची किंमत कमी होते."

"आकड्यांना कसला आलाय मानपान?"

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. साहेबांचं नाव दिसताच ते खुर्चीतून ताडकन उठले आणि घरातल्या घरात शर्टाचं वरचं बटण लावलं. "हो सर... छे छे सर, योजना आपलीच, मी नुसती कागदावर उतरवली... नाही सर, उद्या स्टेजवर बोलायचं आपणच. मी आहेच की मागे उभा."

फोन खाली ठेवला, तर लेक त्यांच्याकडेच बघत होती.

"बाबा, म्हणजे तुम्ही मागे नसलात तर तुमचे साहेब नुसते दहाच ना?"

बाबांनी आधी फोन नीट बंद झालाय का ते पाहिलं.