खंड वाढवा

"खंड वाढवण्यासाठी चाकावर चढा," शालनताईंनी माहितीपत्रकातलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. गेली दोन वर्षं शालनताईंना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. स्वस्तातलं कानाचं मशीन आज घरी आलं होतं आणि त्यासोबतचं मराठी काही माणसाने लिहिलेलं वाटत नव्हतं.

दिगंबररावांनी मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि पुढे वाचायची खूण केली.

"बटणाला हळुवार दुखवा. कान शिट्टी मारेल. मालकाने घाबरू नये."

बटण दाबल्यावर शिट्टी खरंच वाजली, पण ती दिगंबररावांनाच ऐकू आली. ते विचारात पडले. खंड आशिया असतो, नाहीतर ग्रंथाचा असतो. कानात कसला खंड? मग त्यांची ट्यूब पेटली. व्हॉल्यूम! मशीनवरच्या इवल्याशा चाकावर चढायचं नव्हतं, ते नखाने फिरवायचं होतं.

आनंदाच्या भरात बायकोला हे समजावण्यासाठी ते सायकलवर चढल्याचा अभिनय करू लागले आणि तोल जाऊन तिच्याशेजारी सोफ्यात कोसळले. शालनताई हसत सुटल्या. तेही हसू लागले आणि हसता हसताच त्यांनी तिच्या कानातल्या मशीनचं चाक फिरवलं.

शालनताई एकदम थबकल्या. "अगंबाई! तुम्ही अजून घोड्यासारखेच खिंकाळता की हो!"

दोन वर्षं घसा फोडून बोलणारे दिगंबरराव नव्या नवरदेवासारखे लाजले. "आता काय बोलू?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"काहीही बोला," शालनताई म्हणाल्या, "पण असंच हळू."