चांदण्यांची लढाई

सकाळी घरून निघताना सात गुण होते. दुकानाचं शटर वर करून, उदबत्ती लावून कल्याणप्पांनी पुन्हा मोबाइल पाहिला, तर सहा झाले होते.

"सिनेमा अजून कुणी बघितला न्हाय, आन् एक-एक चांदणी देतंय कोण?" समोर गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी स्टीलच्या पातेल्यांनाच विचारलं.

सिनेमा त्यांच्या लेकीचा, शिवरंजनीचा. तिनं दिग्दर्शित केलेला पहिलाच, येत्या शुक्रवारी लागणार होता. मुरुम गावच्या बाजारात भांडी विकणाऱ्याची पोर सिनेमा काढते म्हणताना कल्याणप्पांची छाती शर्टात मावत नव्हती. चमचा घ्यायला आलेलं माणूसही ट्रेलर बघितल्याशिवाय दुकानातून सुटत नसे. "पोरीचं चारचौघांत लई बोलू नये," असं त्यांची बायको शांताक्का म्हणायची. कल्याणप्पा ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ट्रेलर दाखवायचे.

सिनेमांना गुण देण्याचं एक ॲप होतं. एक ते दहा चांदण्या, वाटेल तेवढ्या दाबाव्यात. त्यासाठी सिनेमा लागायची वाट बघायला नको, आणि बघायला तर मुळीच नको. धाराशिवच्या थिएटरवाल्यानं मात्र अट घातली होती. गुरुवारी संध्याकाळी सरासरी पाचाच्या खाली दिसली, तर शिवरंजनीचा खेळ काढून दुसऱ्या सिनेमाला देणार. पुण्या-मुंबईत लागून आपल्याच जिल्ह्यात लेकीचा सिनेमा लागला नाही, तर तोंड कुठं दाखवायचं? ही अट कल्याणप्पांनी घरात सांगितली नव्हती. शांताक्काच्या जिवाला उगाच घोर नको.

दुपारी शिवरंजनीचा फोन आला. "अप्पा, नव्या माणसाला असंच पाडतात. भाड्यानं माणसं लावून एकेक चांदणी द्यायला लावतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

कल्याणप्पांनी मनाला लावून घेतलं. लगेच गल्ला बंद केला आणि गावात निघाले. आडतीवर गेले, मठात गेले, एसटी स्टँडवर उभे राहिले. "आपल्या गावची लेक हाय. दहा चांदण्या दाबा." बाबामियाँ टेलरनं शिवण थांबवून घरातल्या सगळ्यांचे फोन पुढं केले. "तुमची बेटी ती आमची बेटी, अप्पा," तो म्हणाला. कल्याणप्पांना भरून आलं. असं गाव नशिबानं मिळतं.

घरी येऊन त्यांनी शांताक्काला स्वतः शिकवलं. "हे बघ, इथं दाबायचं. तुझ्या भजनी मंडळातल्या बायकांना बी दाखव."

शांताक्कानं चष्मा लावून सगळं नीट पाहून घेतलं. "एका फोनवरनं एकदाच देता येतं व्हय?"

"एकदाच."

"बरं," ती म्हणाली आणि लागलीच मठाकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी दहावाले वाढले. एकवालेही तेवढेच वाढले. कल्याणप्पांनी तालुक्याच्या पाहुण्यांना कामाला लावलं, गुण वर चढले, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा घसरले. पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल म्हणतात, तशी गत. सिनेमा डब्यात आणि भांडण बाजारात.

"कुठल्या दुश्मनाचं काम हाय, कळंना," ते जेवताना म्हणाले.

"देऊ द्या की कुणाला काय द्यायचं ते," शांताक्का भाकरी वाढत म्हणाली. "पोरीचं काय बी वाईट व्हायचं न्हाय."

पण कल्याणप्पांच्या डोक्यात एक नाव बसलं होतं. समोरच्या भांडीवाल्या चन्नबसप्पाच्या जावयाचा पैसा दुसऱ्या एका सिनेमात अडकला होता, आणि तोही याच शुक्रवारी लागणार होता. कल्याणप्पा रस्ता ओलांडून थेट त्याच्या गादीसमोर उभे राहिले.

"माझ्या लेकीच्या वाटंला जाऊ नको, चन्नबसप्पा."

चन्नबसप्पा गोंधळला. "म्या काय केलं न्हाय. पाहिजे तर घरात विचारून बघतो."

गुरुवारी सकाळी तोच आपणहून आला. नजर चुकवत म्हणाला, "कल्याणप्पा, एवढ्यावर सोडून दे. लई खोलात जाऊ नको. उद्या आमी समदे सिनेमाला येतोय."

चोराच्या मनात चांदणं, असं कल्याणप्पा मनात म्हणाले आणि त्याला चहा विचारला नाही.

संध्याकाळी गुण पाचावर आले आणि तिथंच कसेबसे टिकले. थिएटरवाल्याचा फोन आला. "खेळ लावतो, अप्पा. पण हा सिनेमा हाय का पंचायतीची निवडणूक?"

शुक्रवारच्या दुपारच्या खेळाला थिएटर भरलं. अर्धं मुरुम धाराशिवात उतरलं होतं. पडद्यावर लेकीचं नाव आलं, त्यात मधलं नाव म्हणून बापाचंही आलं, आणि लोक उठून टाळ्या वाजवू लागले. कल्याणप्पांना पुढचा सिनेमा धड दिसलाच नाही. डोळे पुसावेत की मान ताठ ठेवावी, तेच कळेना. शेवटी शिवरंजनी वाकून पाया पडली, तेव्हा त्यांनी दोन्ही केलं.

परतीच्या एसटीत भजनी मंडळाच्या बायका खुशीत गात होत्या. चन्नबसप्पा पुढच्या सीटवर बसला होता.

"एवढा जोर लावला, तरी हरले," कल्याणप्पा त्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्या लेकीचं वाकडं करणारा अजून जन्माला यायचाय."

शांताक्कानं त्यांची बाही ओढली. "हळू बोला. त्यांना कशाला बोलता? आता समदं नीट पार पडलं म्हणून सांगते, रागवू नका. तुमी गावभर दहा-दहा करत हिंडत होता, मला भ्या वाटाया लागलं. पोरीला नजर लागली असती. म्हणून आमी मंडळातल्या बायांनी, ह्यांची बायको बी धरून, एकेकच चांदणी दिली, लेकराला काजळाची तीट लावतो तशी."

कल्याणप्पांनी पुढच्या सीटवरच्या चन्नबसप्पाकडं बघितलं.

"एवढ्यावर भागलं असतं," ती म्हणाली. "पर तुमी रोज दहावाले वाढवायला लागलात, मग आमाला बी रोज नव्या बाया गोळा कराव्या लागल्या."