वेळेवरची छाटणी

"ही वेल कुणी छाटली?" बैलांना पाणी पाजता पाजता सावळारामने विचारलं. नाशिककडचा हा गाडीवान कांदे घेऊन कल्याणला निघाला होता आणि आटगावजवळ रस्त्याकडेच्या या घरापाशी थांबला होता.

ओटीवर बसलेला धाऊ चुळबुळला. म्हाताऱ्याला ह्याच प्रश्नाची धास्ती होती.

त्याचा मुलगा महिपत लढाईवर गेला, त्याआधी देवळालीहून द्राक्षाची काडी आणून त्याने दारात लावली होती. तीन पावसाळे वेल नुसती पानांनी माजली. त्याच्या बायकोला, जनीला, तेवढंही पुरे होतं. नवऱ्याच्या हातचं तेवढंच काय ते दारात वाढत होतं. यंदा भात कापून झाल्यावर धाऊला राबाला, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, पाला हवा होता. रानात चढायला गुडघे साथ देईनात. त्याने कोयता घेतला आणि रानातलं ऐनाचं झाड तोडावं तशी वेल बोडकी केली. तेव्हापासून जनी सासऱ्यापुढे ताट ठेवायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही.

आणि आता त्याच खुंटांना फुटवे येऊन हिरव्या मण्यांचे घड लोंबत होते. जनी रोज सकाळी त्यांना हात जोडायची. हे कशामुळे झालं ते घरात कुणालाच कळत नव्हतं.

सावळारामने बुडाची माती चिमटीत घेतली. "मुरूम आहे, पाणी थांबत नाही. झकास! अहो, द्राक्षाला तुमचा हा पाऊस सोसत नाही. तो सरला, हवा कोरडी झाली, की छाटायची. मग थंडीत घड धरतात आणि उन्हात गोडी भरते. छाटली नसती तर जन्मभर पालाच बघत बसला असतात. खाली कोकणात ही अक्कल सुचली कुणाला?"

खोटं बोलणं धाऊला कधी जमलंच नव्हतं. "काय सांगू पावन्या, मी तर राबाला..."

"आमच्या मामांनी छाटली," सासऱ्याकडे बघत जनी दारातून म्हणाली. पदर सावरत ती पुढे आली. "पाऊस सरल्याव. येळेवर."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"मामा, बसलाव काय? पावन्याला घेऊन जेवाया या. भात निवतो."