कर वाढव

“मार्वा, माझा कर वाढव,” दार उघडताच व्हर्लिन म्हणाला.

मार्वाला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कर कचेरीत एकोणीस वर्षं झाली होती. लोकांच्या गाड्या, बोटी, ट्रॅक्टर बघायचे आणि त्यांची किंमत ठरवायची, हे तिचं काम. एवढ्या वर्षांत तिच्या अंगावर कुत्री सोडली गेली, एका बहाद्दराने अख्खी मोटरबोट गवताच्या गंजीत लपवली, पण कर वाढव म्हणणारा माणूस काही भेटला नव्हता. तरी तिला हसू आलं नाही. व्हर्लिन असं का म्हणतोय ते तिला ठाऊक होतं, आणि चूक तिचीच होती.

व्हर्लिन टॅकेट आणि त्याची बायको ओलेता एका जुनाट ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहत. खालची जागा भाड्याची, त्यामुळे कायद्याच्या लेखी ते घर नव्हतंच. गाडी-बोटीसारखी ती एक हलवता येणारी वस्तू. चाकं कधीच मातीत रुतून गेली होती, हा भाग वेगळा. गेल्या वर्षी म्हाताऱ्याची ओढाताण मार्वाला बघवली नाही. तिने धडधाकट ट्रेलरच्या नावापुढे ‘राहण्यालायक नाही’ असं लिहून टाकलं आणि कर शून्य करून दिला. ओलेताने तिला सफरचंदाचा केक खाऊ घातला होता.

यंदा ती सगळी जागा नव्या मालकाने घेतली. त्याची नोटीस आली: काउंटीनेच राहण्यालायक नाही म्हटलेले ट्रेलर महिनाअखेर उचलून भंगारात घातले जातील. सोबत मार्वाच्या सहीचा कागद जोडलेला होता.

नोंद उलटी फिरवायची तर साहेब समक्ष हवा. म्हणून आज तिचा साहेब रॉयस बरोबर आला होता. तो बाहेर फोटो काढत होता, तेवढ्यात मार्वा आत शिरली.

“काकूंना सांगितलंत?”

“नाही गं. तिचं हृदय केवढंसं राहिलंय. तिला वाटतंय, तू नेहमीसारखी आली आहेस.” आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. व्हर्लिनने आवाज आणखी खाली आणला. “तुझा बाप आणि मी एका करवतीवर बावीस वर्षं काम केलं, पोरी. कधी काही मागितलं? आज मागतोय. कितीही कर लाव.”

“मी चांगलंच लिहिणार आहे. फक्त पायाखालची फळ्यांची जमीन तपासू द्या.”

मार्वाने सतरंजी सारली आणि पिशवीतला स्क्रू-ड्रायव्हर फळीवर टेकवला. तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

“गेल्या वर्षी हे असं नव्हतं.”

“नव्हतं,” व्हर्लिन म्हणाला. “खालून पाणी लागलं. दुरुस्तीच्या मदतीसाठी मी अर्ज केला होता. ते म्हणाले, राहण्यालायक नसलेल्या घराला मदत मिळत नाही.”

मार्वा गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. तिला रडावंसं वाटलं. गेल्या वर्षी तिने जे खोटं लिहिलं, ते वर्षभरात तिच्याच सहीने खरं करून दाखवलं होतं.

पायरी वाजली. रॉयस आत आला. तो दुष्ट नव्हता, पण फॉर्मवरची एकही चौकट कोरी सोडायचा नाही. स्क्रू-ड्रायव्हर कुठवर गेलाय ते त्याने पाहिलं.

मार्वा उठली. एक वाट अजून उरली होती. किंमत ठरते ती एक जानेवारीला वस्तू कशी होती त्यावरून, आणि आता मार्च लागला होता.

“मिस्टर टॅकेट,” ती मुद्दाम मोठ्याने आणि सावकाश म्हणाली, “ही जमीन आत्ता फेब्रुवारीत बर्फ वितळल्यावर कुजली ना? एक जानेवारीला धड होती?”

व्हर्लिनने आयुष्यात कधी खोटी साक्ष दिली नसावी. त्याचे कान लाल झाले.

“धड होती,” तो म्हणाला. “अगदी ठणठणीत.”

रॉयसने मान हलवली. मार्वाने पेन उघडलं.

“काय बोलतोयस, म्हाताऱ्या!” आतून ओलेता ओरडली. “नाताळच्या दिवशी माझा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला तो कसा मग? मार्वा, त्याचं ऐकू नकोस! भिडेखातर स्वतःचं नुकसान करून घेतो हा. छप्पर गळतं तेही लिही! मोरीकडची भिंत हातात येते, ती लिही!”

“ओलेता, गप बस!” व्हर्लिनचा आवाज फाटला.

“का गप बसू? त्या पोरीने गेल्या वर्षी कसं झकास लिहिलं होतं! तसंच लिही गं बाई, शून्य होईल असं!”

रॉयसने मार्वाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि तिच्या हातातला फॉर्म घेतला. ‘राहण्यालायक नाही’ची चौकट भरून, सही करून त्याने तो परत दिला आणि बाहेर गाडीकडे गेला.

“लिहिलं का?” ओलेताने विचारलं.

मार्वाने फॉर्म व्हर्लिनपुढे धरला.

“लिहिलं,” व्हर्लिननेच उत्तर दिलं.

“किती झालं?”

“शून्य.”

“बघ! देव तुझं भलं करो, पोरी. अरे, तिला केक दे. सगळाच दे.”

व्हर्लिनने ओट्यावरचा केक निळ्या काचेच्या ताटासकट उचलला आणि मार्वाच्या हातात ठेवला.

“ताट धुऊन आणून देते,” ती कशीबशी म्हणाली.

“राहू दे,” व्हर्लिन म्हणाला. “आणायचं कुठे?”