फोनवरची ताई

मंदीत कंपन्यांनी माणसं मागणं थांबवलं, तेव्हा नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीच्या मालकीणबाईंनी फोनवर बोलणाऱ्या मुलींना घरी पाठवलं आणि त्यांच्या जागी एक सॉफ्टवेअर घेतलं. उमेदवारांना ते एका गोड बाईच्या आवाजात फोन करायचं. धंदा कसाबसा तगला.

एके दुपारी कामाच्या चौकशीला आलेला वेल्डर जाता जाता म्हणाला, "तुमच्या फोनवरच्या ताईंना जरा औषध द्या. खोकून खोकून जीव जातोय बिचारीचा."

बाईंना हसूच आलं. तरी त्यांनी त्याला गेलेल्या फोनचं रेकॉर्डिंग लावून ऐकलं. पगार सांगता सांगता आवाज अडखळला, तोंडावर हात धरल्यासारखा खोकला आणि "माफ करा हं" म्हणाला.

"छे हो, त्यात खोकला कोण कशाला घालेल?" बाईंनी विचारल्यावर सॉफ्टवेअर विकणारा माणूस म्हणाला.

खोकला वाढतच गेला. मग एका सकाळी एकही फोन गेला नाही. स्क्रीनवर मात्र सगळं सुरळीत दिसत होतं.

सॉफ्टवेअर ज्या नंबरवरून फोन करायचं, तो नंबर रिकाम्या टेबलांमध्ये उभं राहून बाईंनी स्वतःच लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी फोन उचलला.

"आई उठतच नाहीये," एक लहान मुलगी कुजबुजली. "तुम्ही तिच्या ऑफिसातून बोलताय ना?"