गाडीतला आवाज

"हा दाराचा. आणि खालून येतो तो वेगळा," वकिलीणबाई म्हणाल्या. "दोन्ही जायला हवेत."

मिस्त्रीनं मान डोलावली आणि गाडी गतिरोधकावरून पुन्हा तिरकी नेली. दार करकरलं, डॅशबोर्ड किटकिटला आणि अख्खी गाडी ओलं फडकं पिळावं तशी पिळवटली. दोनच माणसांची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार ती. डोक्यावर पक्कं छत नाही म्हटल्यावर सगळा ताण खालच्या सांगाड्यावर यायचा. खडखडाट तिच्या पाचवीलाच पुजलेला.

मिस्त्री ही गाडी बरीच वर्षं सांभाळत आला होता. वकील ती घेऊन यायचे तेव्हा रस्त्याच्या टोकालाच कळायचं. मोकळा, धडधडणारा सायलेन्सर त्यांनीच हौसेनं बसवून घेतला होता. बिनआवाजाची गाडी म्हणजे शिलाईचं मशीन, ते चालवायला मी शिंपी आहे का, असं विचारायचे. गाडीतून उतरायचे तेच बोलत, आणि निघताना एखाद्या खटल्याचा किस्सा अर्धवट सोडून जायचे, म्हणजे पुढच्या वेळी तो पुरा करायला निमित्त.

या खेपेला मात्र गाडी बाईंनी चालवत आणली होती. वकील शेजारच्या सीटवर बसून होते, मिस्त्रीला चक्कर मारायची म्हटल्यावर तेवढे उतरले. काय साहेब, कसं काय, म्हणून मिस्त्रीनं विचारलं, तर नुसता हात वर केला. काम काय ते बाईंनीच सांगितलं. हा महिना संपायच्या आत दोघांना लांब फिरायला जायचं होतं. त्याआधी गाडी शांत हवी होती, अगदी घरातल्या खोलीसारखी. "यात बसलं की काही म्हणजे काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीला काय ते कळून चुकलं. स्टिअरिंग गेलं होतं, आता गाडीही जाणार होती, आणि वकील फुगून बसले होते.

त्याची थोरली बहीण त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला गाड्यांच्या सीट शिवायची. तिचं मत वेगळं पडलं. निम्मं आयुष्य त्या बाईनं हा धडधडाट सोसला, आता एकदा तिच्या मनासारखं झालं तर बिघडलं कुठे, असं ती म्हणाली. मिस्त्री म्हणाला की मग दुसरी गाडी घ्यावी, या गाडीचा जीव कशाला घ्यायचा. त्यावर बहिणीनं मशीन सुरू केलं.

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. दोन्ही दारांखालच्या पोकळ पट्ट्या गंजून कागदासारख्या झाल्या होत्या. त्या कापून नव्या, जाड वेल्ड केल्या. गाडीच्या पोटाखाली आडवी पोलादी पट्टी बोल्टांनी आवळली. आधी एक कोपरा जॅकवर उचलला की दार लागायचं नाही. आता ते अलगद लागू लागलं. डॅशबोर्ड उतरवून जिथं म्हणून पत्र्याला पत्रा घासत होता तिथं फेल्टच्या चिंध्या घातल्या. दारांची रबरं बदलली. तळाला डांबरी शीट चिकटवली.

दोघं नवराबायको अधूनमधून बघायला यायचे. वकील शेडच्या दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. मिस्त्री मुद्दाम त्यांच्याकडे बघून विचारायचा, साहेब, एवढं बास ना? उत्तर बाई द्यायच्या. एकदा वकील त्यांच्या कानाशी वाकले, तशा बाई म्हणाल्या, "ते म्हणताहेत, मागच्या चाकांवरच्या पत्र्यालाही जाड थर द्या."

नवऱ्याच्या नावावर स्वतःचंच खपवताहेत, असं मिस्त्रीच्या मनात आलं. कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, आणि त्याची ही गत. त्याला वाईट वाटलं.

शेवटी उरला सायलेन्सर. बाईंना मूळचा, दबक्या आवाजाचा हवा होता. तो मिस्त्रीनं मागवला होता, आलाही होता, आणि मागच्या फळीवर गोणपाटाखाली पडून होता. पण त्यानं बाईंना तोंडावर सांगितलं की एवढ्या जुन्या गाडीचा तो भाग आता कुठेच मिळत नाही. बाई म्हणाल्या, "बघा ना अजून कुठं मिळतो का." आवाज इतका पडला होता की मिस्त्रीनं नजर चुकवली. तरी तो बधला नाही.

गाडी न्यायला दोघं आले त्या सकाळी त्यानं बाईंना बहिणीपाशी बसवलं आणि वकिलांना एक चक्कर मारून आणतो म्हणाला. टप लावून घेतला. गाडी खड्ड्यांतून गेली, रुळांवरून गेली. कुठं कुरकुर नाही, कंप नाही. दगडासारखी घट्ट. फक्त मागून तो जुना, भरदार धडधडाट येत होता.

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर मिस्त्रीनं मनातलं सांगून टाकलं. मोठ्यानं, धडधडाटाच्या वर आवाज चढवून.

"साहेब, सायलेन्सर मिळाला होता. मीच बसवला नाही. म्हटलं, निदान एवढं तरी तुमचं राहू दे. बाईंना सांगू नका."

वकिलांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

"काय म्हणालात?"

ओठ पुन्हा हलले. मिस्त्रीनं वेग कमी केला, कान पुढे केला, तरी काही कळेना. शेवटी त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

वकिलांनी दम घेतला. मग वाळूवर वाळू घासावी तसे शब्द बाहेर पडले.

"बसवा तो," ते म्हणाले. "महिनाअखेरीला माझं स्वरयंत्र काढणार आहेत. तोवर जेवढं होईल तेवढं तिला माझं बोलणं ऐकायचंय."