अजून न्हाय, साहेब

“बायको घरात पडलीय, आणि तू ऑर्गन वाजवणार?” पाद्रीसाहेबांनी विचारलं.

“वाजवणार,” सयाजी मास्तर म्हणाला.

“घरी जा. तुला कोणी दोष देणार नाही. भजनं आम्ही पेटीवर उरकू.”

“एवढं पावणं पेटी ऐकायला येणार व्हय, साहेब?”

महाराज गादीवर आल्याचा तो दिवस होता. चर्चमध्ये खास प्रार्थना होती. इंग्रजांच्या एजन्सीतले साहेब आणि दरबारची माणसं यायची होती. त्यांच्यासाठी सयाजीनं हिवाळाभर एकच रचना घोटली होती. दोन हात आणि दोन पाय, चौघांच्या वाटा वेगळ्या. मुंबईहून आलेल्या एका गोऱ्या वादकानं ती वाजवता वाजवता एका वळणावर थांबून सांगितलं होतं, हे तुझ्या आवाक्यातलं नाही.

पण सकाळी सयाजी पाद्रीसाहेबांकडे गेला होता तो ऑर्गनसाठी नाही. त्याची बायको अंबूबाई पहाटे वारली होती. त्यांची लेक रूथ गोवरानं गेली, ती चर्चमागच्या दफनभूमीत होती. तिच्या शेजारी जागा, एवढंच अंबूबाई मागून गेली होती.

“तिचा बाप्तिस्मा झालेला नाही,” साहेब म्हणाले होते.

“लेकीचा झालाय की.”

“म्हणून लेकीला जागा मिळाली. एकदा मातीत ठेवलेलं माणूस मला उकरून काढता येत नाही, सयाजी. नाही म्हणायचं ते आधीच म्हणावं लागतं.”

अंबूबाईला बाप्तिस्म्याबद्दल पुष्कळांनी विचारलं होतं. ती म्हणायची, “तुमचा देव चांगलाच हाय. पण माझ्या अंबाबाईनं काय घोडं मारलंय?” दर रविवारी ती चर्चच्या पायरीवर बसून नवऱ्याचं वाजवणं ऐकायची. आत कधी आली नाही.

सयाजी बाहेर आला. दफनभूमीच्या फाटकापाशी राखणदार लालासाब उभा होता. फाटकाला कुलूप नव्हतं, लालासाबच होता.

“मास्तर, लई वाईट झालं,” तो म्हणाला. “पण वहिनींचं म्हणाल तर साहेबाचा हुकूम हाय. माझा इलाज न्हाय.”

“तुला कोण काय म्हणालं? अंगरखा काढून ठेव. आज भात्यावर घाम निघंल.”

ऑर्गनच्या मागं भात्याचा दांडा होता. तो वरखाली हाणायचं कामही लालासाबचंच. दांडा थांबला की नळ्यांतला वारा संपायचा आणि ऑर्गन मुका व्हायचा.

दुपारी सयाजी धुतलेला कोट घालून निघाला, तेव्हा शेजारची धोंडुबाई दारातून ओरडली, “माणूस हायस का धोंडा रं! मढं घरात, आन् ह्यो नटून बाजा वाजवाय निघालाय!”

सयाजी चर्चची वाट चालू लागला.

चर्चच्या पायरीवर मेहुणा आकाराम भेटला. कसबा बावड्याहून तो दहा-बारा भाऊबंद घेऊन आला होता. सगळे तोंड पाडून कडेला उभे होते. आत जाणारे पाहुणे त्यांना टाळून जात होते.

“दाजी, किती वेळ वाजतंय हे?” आकारामनं विचारलं.

“लांब हाय.”

“आन् आधी सरलं तर?”

“पुन्यांदा धरीन.”

आकारामनं पागोटं सारखं केलं. पाठ फिरवली आणि भाऊबंदांना घेऊन निघून गेला. आतल्या दोन-चार जणांनी ते ऐकलं आणि माना हलवल्या.

सयाजी बसला. समोरच्या लहान आरशात मागचं दार दिसत होतं. त्यानं हात टाकले.

पहिल्याच सुरांनी खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बोटं धावत होती, पाय खालच्या पट्ट्या शोधत होते. एकदा डावा पाय चुकला. त्यानं दात आवळले आणि पुढं गेला. मुंबईचा साहेब जिथं थांबला होता, ते वळणही मागं पडलं.

मग हळू भाग आला. मोठे नळे बंद करून, कुजबुजल्यासारखा वाजवायचा. अंबूबाईला हाच भाग आवडायचा. सयाजीनं एकही नळा बंद केला नाही. उरलेलेही उघडले आणि तो भाग गर्जत वाजवला.

पाद्रीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

रचना संपली. माणसं सुस्कारा टाकतात तोवर सयाजीनं ती पहिल्यापासून धरली.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. पाद्रीसाहेब उठून त्याच्याजवळ आले. “पुरे, सयाजी. दुःखानं तुझं भान गेलंय.”

“अजून न्हाय, साहेब.”

“मी सांगतोय, थांब.”

“मला कामावरनं काढा. पर हे मी पुरं करणार.”

भर प्रार्थनेत त्याचे हात ओढणं साहेबांना जमेना. ते जागेवर जाऊन बसले.

मागून लालासाबचा आवाज आला, “मास्तर, हात गळालं!”

“हाण, लालासाब! तू थांबलास तर मी मेलो.”

लालासाब हाणत राहिला. सयाजीच्या कोटातून घाम उतरला. बोटं सुजली. दुसऱ्यांदा हळू भाग आला, तोही त्यानं तसाच गर्जवला.

मग आरशात, मागच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. सयाजीनं शेवटचा सूर धरला, लांबवला आणि हात उचलले.

मग एजन्सीचे साहेब उभे राहिले, त्यांच्या मागं सगळेच.

पाद्रीसाहेब जवळ आले. त्यांचे डोळे ओले होते.

“हळू भाग तू बिघडवलास,” ते म्हणाले. “पण इतकं जीव तोडून वाजवलेलं मी माझ्या देशातही ऐकलं नाही. आता जा. तिला नदीवर ने. माझ्या हातात असतं, तर मी स्वतः तिच्यासाठी प्रार्थना म्हटली असती.”

सयाजी उठला. दारात आकाराम उभा होता, कोपरापर्यंत काळ्या मातीनं माखलेला.

“मग पुस्तक घिऊन चला, साहेब,” सयाजी म्हणाला. “मायलेकी शेजारी-शेजारी निजल्यात. प्रार्थनाच तेवढी ऱ्हायलीया.”